हिल अभिक्रिया: अंधारातल्या नळीतही डीसीपीआयपीचा रंग उतरतो, उजेडातली नळी मध्येच थांबते

तृतीयवर्ष_वनस्पती

टी.वाय.च्या प्रात्यक्षिकासाठी पालकाच्या हरितलवकांवर हिल अभिक्रिया (उजेडात हरितलवकांनी पाण्यातले इलेक्ट्रॉन बाहेरून घातलेल्या रंगाला देणं) बसवायची आहे. पद्धत अशी: देठ आणि जाड शिरा काढलेली २० ग्रॅम पानं, ६० मिली थंड बफर. बफरमध्ये ०.४ मोलर सुक्रोज, ५० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ६.५, १० मिलीमोलर सोडियम क्लोराइड, आणि रस काळा पडू नये म्हणून ५ मिलीमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. मिक्सर ३० सेकंद, मलमलच्या चार पदरांतून गाळणं, मग ३००० आरपीएमला १० मिनिटं. तळाचा हिरवा गाळ अ‍ॅस्कॉर्बिक नसलेल्या बफरमध्ये, एकूण ५ मिली. त्यातले ०.१ मिली आणि ४० मायक्रोमोलर डीसीपीआयपी (इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन होणारा निळा रंग) मिळून ३ मिली. ब्लँक (शून्य धरायची नळी) डिस्टिल्ड पाण्याचा, शोषणाचं रीडिंग ६०० नॅनोमीटरला, १०० वॅटचा दिवा २० सेंटिमीटरवर.

निकाल असे येतात. काळ्या कागदात गुंडाळलेली नळी ०.९५ वरून एक-दोन मिनिटांत ०.७० वर येते आणि तिथेच राहते. उजेडातली नळी चार मिनिटांत ०.९६ वरून ०.३२ वर येते आणि पुढे हलत नाही. १० मायक्रोमोलर डीसीएमयू (इलेक्ट्रॉनची साखळी सुरुवातीलाच अडवणारं रसायन) घातलेली नळी उजेडात ठेवली तरी अंधारातल्या नळीसारखीच वागते.

तीन शंका आहेत. अंधारात इलेक्ट्रॉन कुठून येतात? उजेडातली हरितलवकं चार मिनिटांत मरतात का? आणि डीसीपीआयपी प्रकाशसंश्लेषणाच्या इलेक्ट्रॉन-साखळीतल्या नेमक्या कोणत्या जागेवरून इलेक्ट्रॉन उचलतो? एका पुस्तकात बाण प्लास्टोक्विनोन या मधल्या वाहकानंतर दाखवलाय, दुसऱ्यात फोटोसिस्टिम एक या साखळीतल्या दुसऱ्या प्रकाश-संकुलाच्या पलीकडे.

क्युव्हेट

तुमच्या आकड्यांतच पहिल्या दोन शंकांची उत्तरं आहेत.

अंधारातली घट अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची आहे. व्हिटॅमिन सी मोजायला आपण हाच रंग वापरतो. अ‍ॅस्कॉर्बिकचा एक रेणू डीसीपीआयपीच्या एका रेणूला रंगहीन करतो. तुमच्या गाळात वरच्या द्रवाचा अर्धा मिली जरी अडकून राहिला असेल, तरी ५ मिलीमध्ये ते ०.५ मिलीमोलर होतं आणि ३ मिलीच्या नळीत सुमारे १७ मायक्रोमोलर. ४० पैकी १७ मायक्रोमोलर रंग त्यातच जातो. घट पटकन होऊन थांबते, उजेडाची तिला गरज नाही आणि डीसीएमयू तिला अडवत नाही, या तिन्ही खुणा रासायनिक अपचयनाच्या (इलेक्ट्रॉन मिळण्याच्या) आहेत. अंधारातली घट सावकाश पण सरळ रेषेत चालू राहिली असती, तर नळीत उजेड शिरतोय असं म्हटलं असतं. काळ्या कागदापेक्षा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन पदर केव्हाही बरे.

उपाय म्हणजे गाळ एकदा धुणं. अ‍ॅस्कॉर्बिक नसलेल्या ३० मिली थंड बफरमध्ये गाळ मऊ ब्रशने मोकळा करा, पुन्हा फिरवा, वरचा द्रव पूर्ण ओता. पानातलं स्वतःचं व्हिटॅमिन सी पण यात निघून जातं, म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक न वापरणाऱ्यांनीही ही पायरी गाळू नये.

उजेडातली नळी थांबलेली नाही, ती तळाला पोचली आहे. हरितलवकांचा गढूळपणा आणि क्लोरोफिलचं थोडं शोषण मिळून ६०० नॅनोमीटरला तुमच्या नळीत ०.३ च्या आसपास रीडिंग असणारच, डीसीपीआयपी पूर्ण संपला तरी. पाण्याचा ब्लँक हे झाकून टाकतो. ब्लँकमध्ये तेवढीच हरितलवकं, तोच बफर, फक्त डीसीपीआयपी नाही, असं हवं. खात्री करायची असेल तर थांबलेल्या नळीत आणखी ०.१ मिली डीसीपीआयपी घाला. रीडिंग चढून पुन्हा उतरू लागलं तर हरितलवकं जिवंत आहेत. आणि दर तीस सेकंदांनी रीडिंग घेण्याआधी नळी एकदा उलटी करा. हरितलवकं तळाशी बसली की शोषण आपोआप कमी दिसतं आणि अभिक्रिया चालू आहे असा भास होतो.

पीएचबद्दलही सांगतो. डीसीपीआयपीचा पीके (ज्या पीएचला निम्मा रंग रूप बदलतो) ५.७ ते ५.९ च्या आसपास आहे. आम्लात तो गुलाबी होतो. पीएच ६.५ ला त्यातला साधारण चार-पंचमांश भागच निळ्या रूपात असतो, त्यामुळे ६०० नॅनोमीटरचा शोषण-गुणांक २१ प्रति मिलीमोलर प्रति सेंटिमीटर न धरता १७ च्या जवळ धरावा लागतो. पुस्तकातला २१ थेट वापरला तर वेग वीस टक्के कमी निघेल. अभिक्रियेचा बफर पीएच ७.२ ते ७.५ ठेवला की ही भानगड राहत नाही.

लवकपटल

तिसऱ्या शंकेचं उत्तर: दोन्ही पुस्तकं अर्धवट बरोबर आहेत. बाण कुठे काढायचा हे हरितलवकाच्या आतलं पटल किती फुटलंय आणि साखळीत काय अडवलंय यावर ठरतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा रस्ता वेळेसकट डोळ्यांसमोर हवा.

प्रकाशकण बहुतेक वेळा अँटेनातल्या क्लोरोफिलवर पडतो. फोटोसिस्टिम दोन या साखळीतल्या पहिल्या प्रकाश-संकुलाभोवती असे दोनशे ते तीनशे रेणू असतात, आणि उत्तेजना त्यांच्यातून उड्या घेत पी६८० या केंद्रातल्या क्लोरोफिलपर्यंत काही दशक ते काही शतक पिकोसेकंदांत पोचते. इथपर्यंत इलेक्ट्रॉन हललेलाच नाही, फक्त ऊर्जा सरकली. हा फरक विद्यार्थ्यांच्या उत्तरांत हमखास पुसला जातो. पी६८० उत्तेजित झालं की काही पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन फिओफायटिन या क्लोरोफिलसारख्या रेणूवर जातो आणि काही शतक पिकोसेकंदांत तिथून क्यूए या घट्ट बसलेल्या क्विनोनवर. ही घाई गरजेची आहे. इलेक्ट्रॉन फिओफायटिनवर रेंगाळला तर तो मागे फिरून पी६८० ला भेटतो आणि सगळी ऊर्जा उष्णतेत जाते.

मागे उरलेलं धनभारित पी६८० हे जीवसृष्टीतलं सर्वांत जोरकस ऑक्सिडीकारक, १.२ व्होल्टच्या आसपास. ते आपली रिकामी जागा टायरोसिन झेड या अमिनो आम्लामार्फत मँगनीजच्या गुच्छाकडून भरून घेतं. चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अशी त्या गुच्छाची रचना २०११ मध्ये जपानी संशोधकांनी १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने दाखवली. गुच्छ एकेक करून चार इलेक्ट्रॉन देतो आणि मगच दोन पाण्याच्या रेणूंपासून एक ऑक्सिजन सुटतो. अंधारात ठेवलेल्या हरितलवकांना क्षणिक झगमगाट एकामागून एक दिले तर सर्वांत जास्त ऑक्सिजन तिसऱ्या झगमगाटाला येतो आणि पुढे दर चौथ्याला, हे पिएर जोलिओ यांनी १९६९ मध्ये दाखवलं. तिसऱ्यालाच का, तर अंधारात बहुतेक गुच्छ एक पायरी आधीच चढलेले असतात. बेसेल कॉक यांनी १९७० मध्ये त्या पायऱ्यांना एस-० ते एस-४ अशी नावं दिली.

पुढे क्यूएवरून क्यूबी या सुट्या होणाऱ्या क्विनोनकडे. इथे वेळ एकदम मिलीसेकंदाच्या काही दशांशांवर येतो. क्यूबी दोन इलेक्ट्रॉन आणि बाहेरच्या बाजूचे दोन प्रोटॉन घेतो, मग पूर्ण अपचयित प्लास्टोक्विनोन म्हणून आपली खाच सोडून पटलाच्या मेदात पोहत निघतो. त्या रिकाम्या खाचेतच डीसीएमयू बसतो. तो इलेक्ट्रॉन घेत नाही, फक्त जागा अडवतो. म्हणून क्यूए भरलेला राहतो, पी६८० ला पुढे रस्ता नसतो आणि पानाची लाल प्रतिदीप्ती वाढते.

प्लास्टोक्विनोन सायटोक्रोम बी-सिक्स-एफ संकुलाला इलेक्ट्रॉन देतो. सगळ्या साखळीतला हा सर्वांत संथ टप्पा, काही मिलीसेकंद ते वीस मिलीसेकंद. इथे प्रोटॉन थायलाकॉइडच्या (हरितलवकातल्या चपट्या पटल-पिशवीच्या) आत सोडले जातात. एका ऑक्सिजनमागे आठ, आणि पाण्याच्या विघटनाचे चार, मिळून बारा. पालकाच्या एटीपी सिंथेजच्या फिरत्या चकतीत चौदा उपघटक आहेत, म्हणजे तीन एटीपीला चौदा प्रोटॉन. बारा प्रोटॉनमध्ये अडीचच्या थोडे वर एटीपी होतात, आणि कॅल्व्हिन चक्राला दोन एनएडीपीएचमागे तीन हवेत. ही तूट इलेक्ट्रॉन साखळीत परत फिरवणाऱ्या चक्रीय प्रवाहासारख्या मार्गांनी भरून निघते.

सायटोक्रोम एफनंतर तांब्याचं प्लास्टोसायनिन, मग फोटोसिस्टिम एकचं केंद्र पी७००, तिथे दुसरा प्रकाशकण, मग लोह-गंधक केंद्रं, फेरेडॉक्सिन आणि एनएडीपी. चार इलेक्ट्रॉन, प्रत्येकाला दोन प्रकाशकण, म्हणून एका ऑक्सिजनला किमान आठ.

आता डीसीपीआयपी. त्याचा मध्यबिंदू विभव (जितका जास्त, तितकी इलेक्ट्रॉन घ्यायची ओढ जास्त) ०.२२ व्होल्टच्या जवळ. प्लास्टोसायनिन ०.३७ व्होल्टच्या आसपास असल्यामुळे ते याला सहजी इलेक्ट्रॉन देणार नाही. पण प्लास्टोक्विनोन त्याहून खाली आहे, आणि फोटोसिस्टिम एकच्या पलीकडची केंद्रं तर बरीच ऋण आहेत. म्हणजे दारं दोन. डीसीपीआयपी मेदात थोडाफार विरघळतो, त्यामुळे फुटक्या थायलाकॉइडमध्ये तो प्लास्टोक्विनोनपर्यंतही पोचतो. फेरिसायनाइड पाण्यातच राहणारा, तो मुख्यतः फोटोसिस्टिम एकच्या बाजूने घेतो. तुमच्या तयारीत कोणतं दार किती उघडं आहे हे पाहायचं असेल तर १ मायक्रोमोलर डीबीएमआयबी घाला. तो बी-सिक्स-एफ बंद करतो. तरीही जेवढा वेग उरेल तेवढा प्लास्टोक्विनोनच्या दारातून. मात्रा वाढवू नका, जास्त झाला की डीबीएमआयबी स्वतःच इलेक्ट्रॉन घेऊ लागतो.

रंगहीन झालेला डीसीपीआयपी पी७०० कडे इलेक्ट्रॉन परतही देऊ शकतो. अ‍ॅस्कॉर्बिक, डीसीपीआयपी आणि डीसीएमयू एकत्र वापरून एकट्या फोटोसिस्टिम एकचा वेग मोजतात तो यामुळेच. तुमच्या प्रयोगात मात्र हा परतीचा रस्ता शेवटच्या भागात आलेख वाकवतो, तेव्हा वेग काढायला पहिल्या ३० ते ६० सेकंदांचा उतारच घ्यावा.

रॉबर्ट हिल यांनी १९३७ मध्ये फेरिक ऑक्झॅलेट वापरून कार्बन डायऑक्साइडशिवाय ऑक्सिजन निघतो हे दाखवलं, तेव्हा यातली एकही जागा माहीत नव्हती. दोन प्रकाश-पायऱ्यांची झेड आकृती त्यांनी फे बेंडॉल यांच्याबरोबर १९६० मध्ये मांडली.

तृतीयवर्ष_वनस्पती

धुतल्यावर अंधारातली रेषा सपाट झाली आणि ब्लँक बदलल्यावर उजेडातलं रीडिंग शून्याजवळ जातं. पीएचही ७.५ केला. पण वेग दर मिलिग्रॅम क्लोरोफिलला तासाला २२ मायक्रोमोल डीसीपीआयपी एवढाच निघतो. ५ मिलीमोलर अमोनियम क्लोराइडने वेग वाढायला हवा असं वाचलं, तो जराही वाढत नाही. दिव्याचं अंतर निम्मं केलं तरी फरक नाही.

हिरवागाळ

दिवा जवळ आणूनही फरक नाही म्हणजे प्रकाश कमी पडत नाहीये. अमोनियम क्लोराइड आतली आम्लता घालवतो. एरवी ती बी-सिक्स-एफचा वेग दाबून ठेवते. त्याने वेग वाढत नाही याचे अर्थ दोन: एक तर थायलाकॉइड आधीच गळके आहेत आणि आत प्रोटॉन साठतच नाहीत, किंवा अडचण त्याच्याही आधी, फोटोसिस्टिम दोनवर आहे. २२ हा आकडा पाहता दुसरं जास्त संभवतं. नुसते गळके असते तर वेग जास्त आला असता. ताज्या पालकाच्या बऱ्या तयारीत ६० ते १५० यायला हरकत नाही.

निर्णय डायफिनिलकार्बाझाइड करेल, म्हणजे डीपीसी. अंतिम ०.५ मिलीमोलर, थोड्या मिथेनॉलमधून. हा मँगनीजच्या गुच्छाला वळसा घालून थेट टायरोसिन झेडच्या बाजूला इलेक्ट्रॉन देतो. डीपीसीने वेग दोन-तीन पट झाला तर गुच्छ गेला आहे आणि पी६८० ते क्यूबी शाबूत आहे. तरीही वाढला नाही तर केंद्रालाच इजा आहे. डीपीसीसह एक अंधारातली आणि एक डीसीएमयूची नळी ठेवायलाच हवी. खात्रीसाठी चांगल्या हरितलवकांचा थोडा भाग मुद्दाम ५० अंश सेल्सिअसला ५ मिनिटं तापवा: पाण्यापासूनचा वेग जवळपास शून्यावर येईल आणि डीपीसीने बराचसा परत मिळेल. विद्यार्थ्यांना साखळीतली जागा दाखवायला याहून चांगली जोडी नाही.

गुच्छ कशाने जातो? उष्णता हे पहिलं कारण. घरगुती मिक्सर सलग ३० सेकंद फिरला की भांड्यातला रस कोमट होतो. पानं आणि भांडं आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, मग ३ ते ५ सेकंदांचे तीन झटके, मध्ये दहा-दहा सेकंद थांबून. रस कमी हिरवा दिसेल, पण मिळेल तो चांगला. दुसरं कारण तीव्र ट्रिस बफर, वापरत असाल तर. ०.८ मोलर ट्रिस, पीएच ८, हा मँगनीज काढायचा मान्यताप्राप्त उपाय आहे. ५० मिलीमोलरला पीएच ७.५ वर तेवढी भीती नाही, तरी हेपेस किंवा ट्रायसिन बफर मिळालं तर तेच घ्या. क्लोराइड आयन गुच्छाला लागतात, म्हणून १० मिलीमोलर मीठ वगळू नका, आणि ५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला, त्याने ग्रॅना (थायलाकॉइडच्या चळती) एकत्र राहतात. मात्र फॉस्फेट बफर ठेवलात तर मॅग्नेशियमचा साका बसतो का ते आधी पाहा.

दिव्याची उष्णताही मोजा. १०० वॅटचा तारेचा दिवा १० सेंटिमीटरवर आणल्यावर नळीचं तापमान काही मिनिटांत चाळिशीकडे जातं. मध्ये पाण्याने भरलेली चपटी बाटली उभी करा, किंवा १५ ते २० वॅटचा पांढरा एलईडी वापरा. नळी २५ अंशांच्या पाण्यात.

सेंट्रिफ्यूजचे आरपीएम सांगून कुणालाच काही कळत नाही. गुणे-जी म्हणजे ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ असेल तर ३००० ला सुमारे १५०० जी, त्रिज्या १० असेल तर १००० जी. आधी २०० जीला एक-दोन मिनिटं फिरवून तळाचा पांढुरका गाळ टाकून द्या. त्यात न फुटलेल्या पेशी, केंद्रकं आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक जातात. मग १५०० जीला ७ ते १० मिनिटं. शेवटी गाळ सुक्रोज नसलेल्या सौम्य बफरमध्ये अर्धा मिनिट ठेवलात की बाहेरचं आवरण फुटतं आणि रंगाला थायलाकॉइडपर्यंत मोकळी वाट मिळते. त्यानंतर दुप्पट तीव्रतेचं सुक्रोज बफर तेवढंच घालून पूर्वस्थितीत आणा. सगळं बर्फात, अंधुक उजेडात, आणि दोन-तीन तासांत संपवा.

क्लोरोफिल कसं मोजलंत ते लिहिलं नाही, वेगाचा आकडा तिथेच चुकू शकतो. ५० मायक्रोलिटर हरितलवकं ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये मिळून ५ मिली, चांगलं हलवून गाळा, ६५२ नॅनोमीटरचं शोषण भागिले ३४.५ म्हणजे मिलीमागे मिलिग्रॅम, गुणिले १००. समजा ०.५ आलं आणि नळीत ६० मायक्रोलिटर घातलं, तर क्लोरोफिल ३० मायक्रोग्रॅम. शोषण मिनिटाला ०.२१ ने घटलं तर भागिले २१ म्हणजे ०.०१ मिलीमोलर, ३ मिलीमध्ये ३० नॅनोमोल, म्हणजे दर मिलिग्रॅमला तासाला ६० मायक्रोमोल. प्रत्येक डीसीपीआयपी दोन इलेक्ट्रॉन घेतो, तेव्हा ऑक्सिजनच्या भाषेत हे ३० मायक्रोमोल. नळीत क्लोरोफिल १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर नको, नाहीतर पुढची हरितलवकं मागच्यांवर सावली धरतात आणि वेग उगाच कमी दिसतो. तुमच्या ०.१ मिलीत त्याच्या दुप्पट किंवा जास्तही असू शकेल.

आणि पालक. आपल्या बाजारातला पालक बहुतेकदा बीटाच्या जातीचा, बीटा व्हल्गारिसचा बेंगालेन्सिस प्रकार असतो. परदेशी पद्धतींतला पालक म्हणजे स्पिनॅशिया ओलेरेशिया. दोन्हीवर प्रयोग चालतो, वर दिलेलं क्लोरोफिलचं सूत्र ज्या लेखातलं आहे तो आर्नन यांचा १९४९ चा लेखही बीटा व्हल्गारिसच्या हरितलवकांवरचाच. पण आपली पानं जून असली तर रस चिकट होतो आणि गाळ मोकळा होत नाही. कोवळी, पूर्ण उघडलेली, सकाळी आणलेली जुडी घ्या. दुपारी कोमेजून पाणी मारलेली घेतलीत तर वरचं सगळं पाळूनही वेग मिळणार नाही.

काळीमाती

डीसीएमयू म्हणजेच डायुरॉन. उसासाठी विकली जाणारी ८० टक्क्यांची भुकटी बऱ्याच प्रयोगशाळांत वापरतात, म्हणून तिच्याबद्दल. भुकटीत माती आणि ओलावा धरणारी द्रव्यं असतात, ती रीडिंग गढूळ करतात आणि पटलालाही त्रास देऊ शकतात. शुद्ध डायुरॉनच मिळवावं. नाइलाज असेल तर २९ मिलिग्रॅम भुकटी ५० मिली इथेनॉलमध्ये हलवून रात्रभर बसू द्या; वरचा नितळ द्रव साधारण २ मिलीमोलर. ३ मिलीत १५ मायक्रोलिटर घातले की १० मायक्रोमोलर. तेवढंच इथेनॉल घातलेली एक नळी सोबत हवीच.

पॅराक्वाट मात्र या प्रात्यक्षिकात आणू नये. प्रयोगशाळेतलं मिथाइल व्हायोलोजेन म्हणजे तेच. ते फोटोसिस्टिम एककडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतं, आणि पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

डायुरॉन किंवा त्याच खाचेत बसणाऱ्या अ‍ॅट्राझिनने तण उपाशी मरत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावं. रस्ता बंद झालेलं क्लोरोफिल उत्तेजित अवस्थेत अडकतं, त्यापासून सिंगलेट ऑक्सिजन होतो आणि तो पटलातला मेद जाळतो. म्हणून सावलीत तण सावकाश मरतं. औषध मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं, त्यामुळे जुनी पानं आधी पिवळी पडतात. ऊस आणि मका अ‍ॅट्राझिन ग्लुटाथायोनला जोडून निकामी करतात. त्यांच्या क्यूबीच्या खाचेत वेगळं काही नाही, उसाचे धुतलेले थायलाकॉइड अ‍ॅट्राझिनने बंदच पडतात.

अ‍ॅट्राझिनला न जुमानणाऱ्या तणावर हीच नळी वापरता येते. १० मायक्रोमोलर अ‍ॅट्राझिनमध्येही तणाच्या थायलाकॉइडने निळा रंग घालवला, पण डायुरॉनमध्ये तो बव्हंशी तसाच राहिला, तर क्यूबीची खाच असलेल्या डी-१ प्रथिनात २६४ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसिन आल्याचा दाट संशय घ्यावा. हा जनुक हरितलवकातला, म्हणून तो गुण बियांत आईकडून उतरतो, परागकणांतून पसरत नाही. आणि अ‍ॅट्राझिन घालताच रंग जाणं थांबलं, तर त्या तणाची खाच नेहमीचीच आहे, प्रतिकार पेशीतल्या विकरांचा आहे. ती धुण्यात निघून गेली, म्हणून या नळीत दिसणार नाहीत. ते ओळखायला अखंड पान लागेल.